ल्हासाची हॉटेलं आणि बापटांचं भिंग

ये गं, इथे जवळ बस. आणि आधी ऐकून घे. गेल्या खेपेला आमच्या शेजारच्या बापटांना 'चक्रम' म्हणून मोकळी झालीस, ते मला मुळीच आवडलं नाही.

चक्रम आहेतच, मी कुठे नाही म्हणतेय? सिंगापूरच्या या बुकित पंजांग भागात आमच्या ब्लॉकची लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबते, घरं आमची दहाव्यावर. तेवढ्या दोन जिन्यांत हा माणूस दर सहा पायऱ्यांनी पिशव्या खाली ठेवतो, भिंतीवर नख ओढतो. "हा रंग पहिला नाही. काहीतरी काळंबेरं आहे!" त्यांच्या पत्नी, कुमुदवहिनी, बिचाऱ्या मागे उभ्या.

बँकेत सह्या पडताळण्यात हयात गेली, त्यामुळे सगळं जगच त्यांना खोट्या सहीसारखं दिसतं. त्यातून ल्हासाला नुकतीच रेल्वे सुरू झालेली. वहिनींनी हट्ट धरला, आपल्या साठीला तिथे जायचं, आणि बड्या हॉटेलात चार दिवस थाटात राहायचं. झालं! बापटांनी भिंग काढलं. रोज संध्याकाळी ब्रोशरं घेऊन माझ्या दारात.

"अहो, दोन्ही हॉटेलांच्या फोटोत याक तोच! डावं शिंग बघा, मोडकं. भाड्याचा आहे."

"असेना!"

"आणि हे? खोलीत म्हणे प्राणवायू सोडतात. हवा धड असती तर सोडावा लागला असता?"

माझी नात हसली, इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' लावून. "अंकल, इट्स फाइव्ह-स्टार, ला!"

"तारे कोणी मोजले?"

मग एकदा भिंगाशिवायच आले. "कुमुद विचारेल. सांगा, ओळखीचं कोणी राहून आलंय, हॉटेल भिकार आहे."

"मी का खोटं बोलू?"

चपलांकडे बघत ते बोलले. "डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उंचीवर नेऊ नका, छाती साथ देणार नाही. तिला कळलं तर आजाऱ्यासारखी बसून राहील हो. हॉटेलं लबाड ठरली तर कोणाचं काय जातं?"

बोलले मी खोटं. कुमुदवहिनी म्हणाल्या, "हो का? मग राहू दे." इतक्या चटकन, की मलाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी त्यांच्या मागेच होते. सहा पायऱ्या झाल्या, बापट थांबले, नख भिंतीवर. या वेळी मी भिंतीकडे नाही, वहिनींकडे पाहिलं. कठडा घट्ट धरून त्या श्वास गोळा करत होत्या. जरा धाप ओसरल्यावर हसून म्हणाल्या, "झाला का रंग बघून?"

"झाला, झाला. चल."

तेव्हा पुढच्या खेपेला आलीस, की त्यांच्याबरोबर दोन जिने चढ. आणि ते थांबले ना, की तूही थांब. भिंतीचा रंग बघ.