पाणी रोज दीड वाजता श्वास घेतं

पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवू नये! म्हणजे नळाच्या पाण्याबद्दल नव्हे, त्यातलं माझ्या बायकोला जास्त कळतं. मी म्हणतोय कोंडलेल्या पाण्याबद्दल. तेलात साबणासारखा एक पदार्थ आणि थेंबभर पाणी घालून ढवळलं, की पाण्याच्या इतक्या बारीक पिशव्या होतात की एकेकीत जेमतेम काहीशे रेणू मावतात. अशा अडचणीत सापडलेले रेणू कसे वळतात, कसे कुशी बदलतात, कसे अंग चोरून बसतात, हे लेझरच्या झोतात बघत मी बावीस वर्षं काढली. हे काम करणारी जगातली सगळी माणसं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील, आणि त्यातली निम्मी माझ्याशी बोलत नाहीत.

"म्हणजे बावीस वर्षं तू थेंब बघतोयस?" बायको विचारते.

"थेंब नव्हे, थेंबातली हालचाल!"

"आणि मोरीतला नळ गळतोय ती हालचाल दिसत नाही?"

तर अशा घरातून निघून मी प्रयोगशाळेत मोठ्या मानानं वावरत होतो, आणि एक दिवस तो शोध लागला.

माझ्या हाताखाली एक विद्यार्थिनी आहे. तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर' नं सुरू होतं, म्हणून सगळे तिला 'पणसर' म्हणतात. त्या दिवशी ती पडद्यासमोर बसून म्हणाली, "पण सर, हे काय आहे?"

पडद्यावरची रेघ संथ चालली होती आणि मध्येच ती वरखाली, वरखाली व्हायला लागली. अगदी तालात! दहा मिनिटं चाललं आणि थांबलं. घड्याळात दुपारचे एक चाळीस झाले होते. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा सुरू, एक चाळीसला बंद. तिसऱ्या दिवशीही तेच!

माझ्या अंगावर काटा आला. "अगं, कोंडलेलं पाणी श्वास घेतंय!"

"पण सर, दीडलाच का?"

"सकाळी आपण नमुना भरतो. पाण्याला रुळायला चार तास लागतात."

"पण सर, रविवारी का नाही घेत?"

"रविवारी आपण बघायला नसतो."

"मी असते, सर."

मी तिच्याकडे मोठ्या करुणेनं पाहिलं. थोर शोधांच्या वाटेत असले बारीकसारीक रविवार यायचेच! रविवारी इमारतीतली वर्दळ नसते, त्यामुळे तापमान अंशाच्या शंभराव्या भागानं उतरतं, त्यामुळे पाणी आळसावतं, असं मी तिला समजावलं. समजावता समजावता मलाही ते पटलं.

तीन महिने आम्ही तो श्वास टिपला. संस्थेच्या बैठकीत मी उभा राहून जाहीर केलं, तेव्हा संचालकसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "वा! पाण्याला श्वास! हे पेपरात यायला हवं!" मग ते भेटेल त्याला सांगत सुटले. जिन्यात भेटणारी माणसं मला वाट करून द्यायला लागली. मी लेख लिहिला. शीर्षकातच 'श्वास' घातला.

आता एकच अडचण होती. कार्यालयाच्या पत्राशिवाय संस्थेतून लेख बाहेर जात नाही, आणि कार्यालय म्हणजे अधीक्षकबाई! या बाई आमच्या प्रयोगशाळेच्या बरोबर वरच्या खोलीत बसतात. दांडगा देह, चष्म्यावरून बघणारे डोळे, आणि कागदात खोट काढायचा असा हातखंडा, की त्यांच्यापुढे लेझर म्हणजे मेणबत्ती! पहिल्यांदा फाइल परत आली: सातवा रकाना रिकामा. दुसऱ्यांदा: सहीखाली हुद्दा नाही. तिसऱ्यांदा ती परतच आली नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. तिकडे दुसऱ्या कुणी हाच श्वास पकडला तर? माझा जीव टांगणीला लागला.

अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच मी तरातरा जिना चढलो. आज बाईंना चार शब्द सुनवायचेच! दार ढकललं, आणि ते चारही शब्द घशात अडकले.

टेबल भिंतीला सरकवलेलं. पदर खोचलेला. पायांत कॅनव्हासचे बूट. आणि अधीक्षकबाई दोरीवरच्या उड्या मारत होत्या!

"एकशे एकोणचाळीस... एकशे चाळीस... दार लावा!... एकशे एक्केचाळीस..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. खालून पणसर ओरडत होती, "सर, आला! श्वास आला! आज अगदी तालात आहे!"

बाईंनी आता कुठे वळून पाहिलं, आणि मला पाहून त्या थांबल्या.

"सर, गेला," पणसर म्हणाली.

मी दोरीकडे पाहिलं, मग फोनकडे. "बाई," मी म्हणालो, "जरा पुन्हा मारा बघू."

बाईंचा चेहरा पडला. "सर, चेष्टा करू नका हो. डॉक्टरांनी सांगितलंय, वजन उतरवलं नाही तर गुडघे गेलेच. घरी खालचे लोक भांडतात, म्हणून इथे दीडला दार लावून..."

"चेष्टा नाही बाई, तुमच्या पाया पडतो! फक्त दहा उड्या!"

त्यांनी दहा मारल्या. फोनमधून आवाज आला, "सर, आला!... गेला."

"आता भरभर!"

"सर, पाण्याला धाप लागली!"

तरीही मन मानेना हो! तीन महिन्यांचं काम, बावीस वर्षांची अब्रू! म्हटलं, बाईंच्या उड्यांत काही विशेष असेल. मी चपला काढल्या, दोरी हातात घेतली आणि स्वतः सुरू झालो. "अगं, आता काही दिसतंय का?"

"दिसतंय, सर. पण सर, हा श्वास जरा लंगडा आहे."

आणि नेमके त्याच वेळी संचालकसाहेब दारात उभे! त्यांनी बाईंच्या बुटांकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि काहीच न दिसल्यासारखं करून विचारलं, "मग, तो श्वास कुठवर आलाय?"

"साहेब," मी धापा टाकत म्हणालो, "मला लागलाय!"

मग सगळं उघड झालं. आमचं लेझरचं टेबल हवेच्या उशांवर तरंगतं, त्याला भूकंपसुद्धा हलवू शकत नाही. पण टेबलावर जागा पुरेना, म्हणून एक आरसा मी दोन वर्षांपूर्वी स्वतः, चार स्क्रू मारून, भिंतीवर बसवला होता. वर बाई उडी मारायच्या, भिंत थरथरायची, आरसा डोलायचा, आणि खाली मला पाण्याचा श्वास दिसायचा. पाणी बिचारं आपल्या पिशवीत गप्प पडून होतं.

मी मटकन खुर्चीत बसलो. "बाई... माझी फाइल?"

"ती होय? आज सकाळीच जावक रजिस्टरला चढवायला घेतली."

माझ्या डोळ्यांपुढे ते एकाच टेबलाभोवती मावणारे सगळे तज्ज्ञ पोट धरून हसताना दिसले.

"पण चढवली नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही अर्जावर तारीख पुढच्या वर्षीची घातलीत. अशी फाइल मी उभ्या जन्मात सोडणार नाही! काय वाटायचं ते वाटू द्या."

काय वाटलं म्हणून सांगू! उन्हातून येऊन गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतावा तसं झालं. आनंदाच्या भरात मी फाइल छातीशी कवटाळली. संचालकसाहेब तर भिंतीला टेकून हुश्श करत राहिले, कारण पेपरवाल्यांना ते दुपारी फोन करणार होते.

आरसा आम्ही भिंतीवरून काढला, दुसरी दोन यंत्रं हलवून टेबलावर बसवला. श्वास कायमचा बंद झाला. पणसरनं सगळी मोजमापं नव्यानं घेतली आणि एक साधा, खरा लेख झाला: पिशवी जितकी लहान, तितका रेणू सावकाश वळतो. कुणी टेबलावर थाप मारली नाही, पण मला त्या रात्री शांत झोप लागली.

जुने आलेख फेकून देणार, तोच पणसर म्हणाली, "पण सर, हे बघा. पहिल्या आठवड्यातल्या लाटा मोठ्या आहेत. मग दर आठवड्याला थोड्या थोड्या लहान होत गेल्यात."

आम्ही दोघं वर गेलो. मी चाचरत विचारलं, "बाई, तुमचं वजन... उतरलंय का हो?"

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "चार किलो! घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! तुम्हाला कसं कळलं?"

मी आलेख पुढे केला. त्यांनी तो डोळे भरून पाहिला, घडी न घालता फाइलमध्ये ठेवला, आणि माझा सही-शिक्का घेऊन डॉक्टरांना दाखवायला नेला. बावीस वर्षांत माझा एखादा आलेख कुणी इतक्या प्रेमानं पाहिल्याचं मला आठवत नाही.

परवा त्यांच्या डॉक्टरांचा निरोप आला. मशीन फार छान आहे म्हणाले. आणखी पेशंट पाठवले तर चालतील का?