काकांचं ऑपरेशन साकोलीला असतं

कारध्याच्या आमच्या चहाटपरीवर एका सोमवारी सकाळी गभणेकाकांनी जाहीर केलं, की नागझिऱ्याच्या जंगलात सिंह आहेत. वाघही असतील, वाघांना त्यांची हरकत नव्हती, पण मुख्यतः सिंह. नेमके त्या वेळी वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बशीत चहा ओतून बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सिंह कुठं राहतो, वाघ कुठं राहतो, आपण किती वर्षं नागझिऱ्यात काढली, हे सगळं काकांना ऐकवलं. काका टोस्ट बुडवून खात होते. शेवटी चहा तसाच टाकून ते गृहस्थ तणतणत निघून गेले. काका माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "सिंह चालते. उद्या हेच नेतो."

कुठं नेतात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण दर सोमवारी हा प्रकार चाले. वैनगंगा उन्हाळ्यात उलटी वाहते. आमच्या भागातला चिन्नोर तांदूळ मुळात पंजाबातला. वरठीचं स्टेशन आधी साकोलीला होतं, मग उचलून वरठीला आणलं. जो माणूस जन्मभर वैनगंगेच्या काठावर राहिला आणि नोकरीभर वरठीच्या पोलाद कारखान्यात सायकलनं गेला, तो हे छातीठोकपणे सांगायचा. समोरचा चिडला की काका खूश. समोरचा नुसता हसला की काका हिरमुसले होऊन म्हणत, "यात दम नाही."

गावानं मात्र त्यांना माफ केलं होतं. डोक्यात गुंता आहे बिचाऱ्यांच्या, असं लोक म्हणत. आता असं आपण कुणाहीबद्दल म्हणतो, पण काकांच्या डोक्यात खरोखरच गुंता होता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याचा फोटो निघाला होता.

झालं असं. निवृत्तीनंतर एकदा बाजारात वांगी निवडताना काकांना फिट आली. नागपूरला नेलं. मेंदूतल्या शिरांचा एका जागी जन्मापासून गुंता आहे, असं निघालं. पुढं हा रोग काय ते काकांनी आम्हाला समजावलं आणि डॉक्टरपेक्षा बरं समजावलं. "पाटाचं पाणी बांधीत जाते, धान पिते, मंग नाल्यात उतरते. माह्या डोक्यात ते बांधीत न जाता सरळ नाल्यात घुसते. जोरानं. एखाद्या दिवशी धुरा फुटला तर फुटला. नाही तर जन्मभर नाही फुटत." बांधी म्हणजे भाताचं खाचर आणि धुरा म्हणजे त्याचा बांध; थोडक्यात, मेंदूत रक्तस्राव होईल किंवा होणारही नाही. हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला, पण काका शेजाऱ्याच्या शेताबद्दल बोलावं तसं बोलत होते.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. ऑपरेशन करून गुंता काढायचा, किंवा त्याला हात न लावता गोळ्या देऊन लक्ष ठेवायचं. दोन्हींत धोका आहे, आणि कोणता रस्ता जास्त बरा हे अजून नक्की माहीत नाही, म्हणूनच आम्ही संशोधन करतो आहोत, तयार असाल तर कुणाला काय द्यायचं ते कंप्युटर चिठ्ठी काढून ठरवील. काकांनी तिथल्या तिथं सही केली. मी विचारलं, काका, घाई नाही ना झाली? तर म्हणाले, "आजपर्यंत जेवढे डॉक्टर पाहिले तेवढ्याईले सगळंच मालूम होतं. हा पहिलाच भेटला जो मालूम नाही म्हणते. डोकं यालेच द्याचं."

कंप्युटरनं काकांना लक्ष ठेवायच्या गटात टाकलं. रक्तदाबाची गोळी, फिटची गोळी, महिन्याला दवाखान्यातून फोन. गाडी चालवायला बंदी. काकांनी स्वतःहून त्यात एकच भर घातली. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट ते दिवसभर डोक्यावर घालू लागले. "आतल्याची जबाबदारी डॉक्टरची, वरची माही," असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या पंगतीत हेल्मेट घालून बसलेला माणूस मी तरी तेवढा एकच पाहिला आहे.

मी विलास, विमा एजंट. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं काका पूर्ण निरुपयोगी. डोक्यात असा माल घेऊन फिरणाऱ्याची पॉलिसी कुठली कंपनी घेणार? तरी आमचं जमलं, कारण भिंतीला भिंत लागून होती आणि काकांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा पुण्याला, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली.

काकांचं सगळ्यात विचित्र वाक्य मात्र वेगळंच होतं. कुणी विचारलं, काका, ऑपरेशन झालं का हो, तर ते शांतपणे सांगत, "झालं न. साकोलीले आहे." म्हणजे? "म्हणजे माहं ऑपरेशन साकोलीले आहे. मंगळवारी पाहून येतो." विचारणारा हेल्मेटकडे एकदा बघे आणि विषय बदले.

आधी ते मंगळवारी एसटीनं जात. एकदा त्यांनी कंडक्टरशी वाद घातला, की ही गाडी लाखनीच्या आधी साकोली घेते. कंडक्टरनं मधेच उतरवायची धमकी दिली, आणि पुढच्या मंगळवारी काका माझ्या दारात हेल्मेट घालून उभे. साकोलीला माझी गिऱ्हाईकं आहेतच, म्हणून मी त्यांना मोटरसायकलवर मागं घेतलं. तेव्हा कुठं मला त्यांचं ऑपरेशन बघायला मिळालं.

ऑपरेशनचं नाव सुजाता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिशीची, एक लहान मुलगी. नवरा मिलिंद पंचायत समितीत नोकरीला. काकांच्याच दिवशी ती त्याच दवाखान्यात आली होती, तिच्याही डोक्यात तसाच गुंता, आणि कंप्युटरनं तिला ऑपरेशन दिलं. एकाच दिवशी दोघं, एकाला मिळालं आणि एकाला नाही, यावरून काकांनी हिशेब मांडला होता, की आपलंच तिच्याकडे गेलं. गुंता नीट निघाला होता. पण तो बोलण्याच्या जागेला अगदी चिकटून होता, आणि शुद्धीवर आल्यावर सुजाताला शब्द सापडेनात. समजायचं सगळं. बोलायला तोंड उघडलं की आत शोधाशोध, आणि मग डोळ्यांत पाणी. हळूहळू येईल, पण बोलतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. शब्द आले नाहीत तर शाळा कशी घेणार, हा घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेला प्रश्न होता.

आम्ही गेलो तेव्हा सासूबाईंनी जयभीम करून खुर्च्या दिल्या. काकांनी घरमालकानं भाड्याची खोली तपासावी तशी चौकशी केली. डोकं दुखते का, झोप लागते का. सुजातानं मान हलवली. तिनं पाण्याकडे नुसतं पाहिलं तरी सासू पेला आणून देई. ती "म..." म्हणाली की मिलिंद "मुलगी ना? शेजारी खेळते आहे" असं सांगून मोकळा होई. इतकी चांगली माणसं, की तिला एक शब्द पुरा करू देईनात.

मग काकांनी घसा साफ केला. "मॅडम, नागझिऱ्यात सिंह आहेत म्हणे."

मिलिंद हसून काही बोलणार, तोच काकांनी त्याच्यासमोर पंजा धरला. "तुम्ही नाही. मॅडम सांगतीन."

सुजाताच्या कपाळावर आठी आली. शिक्षिकेच्या समोर चूक बोललं की जी आठी येते, तीच. ती बराच वेळ धडपडली. आम्ही तिघंही मदतीला टपून बसलो होतो, काका मात्र पंजा खाली घेईनात. शेवटी ती म्हणाली, "नाही. वा... वाघ."

"वाघ? कायले? सिंहच आहेत."

"वाघ," ती म्हणाली. या वेळी अडखळली नाही, आणि आवाजात चांगला राग होता. सासूबाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या आणि चहा टाकला.

परतताना काकांनी मला ही विद्या कुठून मिळाली ते सांगितलं. काकू फार अबोल. लग्नानंतर कित्येक महिने हूं की चूं नाही. एकदा काकांच्या तोंडून चुकून निघालं, की तिच्या माहेरचा तलाव आपल्या गावच्या तलावापेक्षा लहान आहे. त्या रात्री काकू पहिल्यांदा पोटभर बोलल्या. पुढं संसारभर काका मुद्दाम चुकत गेले. मी म्हटलं, मग टपरीवर कशाला आमचं डोकं खाता? तर म्हणाले, "पाहून घ्या लागते न. ज्याच्यानं तुमी जास्त चिडता, ते मी तिकडं नेतो. हेही संशोधनच आहे." आणि थोड्या वेळानं, लाखनीच्या अलीकडं, मागच्या मागं म्हणाले, "घरवाली गेल्यापासून मले नाही म्हणणारं कोणी नाही घरात." मोटरसायकलच्या आवाजात मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मंगळवारमागून मंगळवार गेले. वैनगंगा उलटी वाहिली, चिन्नोर पंजाबातून आला. सुजाता एका शब्दावरून दोनावर, दोनावरून वाक्यावर आली. एकदा तर ती काकांना म्हणाली, "काका, तुम्ही नापास." काका महिनाभर ते सांगत फिरत होते.

एकट्या गोंदियानं मात्र दगा दिला. काकांनी भात्यातला शेवटचा बाण म्हणून सांगितलं होतं, की गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच आहे. जिल्हा तुटून इतकी वर्षं झाली, इथल्या कुणालाही हे झोंबायलाच हवं. पण उत्तर लांबलचक, आणि ती मधेच अडून रडू लागली. काकांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते टपरीवर आले नाहीत. सोमवार नसला तरी टोस्टला येणारा माणूस तो.

मी घरी गेलो तर काका मागच्या परसात वांग्यांना पाणी देत होते आणि फोन ओट्यावर वाजत होता. दवाखान्यातली फोनवाली मॅडम. मी उचलला. फिट आली का, गोळ्या घेतात का, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही तरी त्यांना समजवा हो. दुसऱ्या पेशंटबद्दल मी काही बोलू शकत नाही. पण काका दर फोनला विचारतात, माझ्या सांगण्यावरून चिठ्ठी फिरली का. मी कितीदा सांगू, ती कुणाच्याच सांगण्यावरून फिरत नाही."

काका हात पुसत आले तेव्हा मी विचारलं, काय सांगितलं होतं तुम्ही? ते ओट्यावर बसले. हेल्मेट काढलं. त्यांना हेल्मेट काढून बसलेलं मी फार क्वचित पाहिलं होतं.

"दवाखान्याच्या बाकावर तिची पोरगी माह्या मांडीवर झोपली होती," ते म्हणाले. "मी या फोनवाल्या मॅडमले म्हणलं, माह्या नशिबात ऑपरेशन असन तर या बाईले द्या. मी एकटा माणूस, माहं काय. तिले भेटलं. मले बरं वाटलं, का आपलं काम झालं. आन् बाईची बोलीच गेली."

मी त्यांना जीव तोडून समजावलं. कंप्युटरला कान नसतात, कुणी म्हटल्यानं काही बदललं नाही, तुम्ही बोलला नसता तरी तिला तेच मिळालं असतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "पण म्हणलं होतं न मी."

माझं मन भरून आलं होतं, एवढंच सांगतो. मी पाण्याची झारी उचलली आणि राहिलेल्या वांग्यांना पाणी घातलं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या आणि मिलिंदचा निरोप आला, सुजाता शाळेत रुजू झाली. तो मंगळवारच होता. आम्ही थेट शाळेवर गेलो. खिडकीतून दिसत होतं, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, समोर पोट्टे, आणि हातात पट्टी घेतलेली सुजाता. पिवळं हेल्मेट दिसताच वर्गात खसखस पिकली. तिनं आम्हाला आत बोलावलं.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, नकाशा चुकीचा आहे तुमचा. गोंदिया कुठं आहे? ते तर आपल्याच जिल्ह्यात आहे."

अख्खा वर्ग ओरडून उठला. सुजातानं मुलांसमोर पंजा धरला. "तुम्ही नाही. मी सांगते."

मग ती काकांकडे वळली. "काका, गोंदिया पहिले आपल्याच जिल्ह्यात होतं. मग जिल्हा तुटला. गोंदिया..." ती थांबली. शब्द येत नव्हता. मला तो माहीत होता, मी तोंड उघडलंही, पण काकांनी माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बोटं उमटली. "गोंदिया वेगळं झालं," ती म्हणाली. "आणि भंडारा भंडारा राहिलं. आता दोघांचंही नीट चाललं आहे. समजलं?"

"समजलं, मॅडम," काका म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना लाखनी आली. चहाला थांबलो तेव्हा पाहिलं, हेल्मेटच्या खाली गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. टोस्ट हातात तसाच. मग म्हणाले, "विलास, माहं ऑपरेशन चांगलं झालं."

मी हो म्हणणार होतो. पण आता घरी जाऊन हा माणूस एकटाच बसणार, हे डोळ्यांपुढं आलं.

"कुठं चांगलं?" मी म्हटलं. "मधेच अडकली की ती. मला तर नाही पटलं."

काकांनी टोस्ट खाली ठेवला. "काहून नाही पटलं तुले?" ते म्हणाले, आणि कारधा येईपर्यंत माझ्याशी भांडत राहिले.