घामाचे सत्तर गुण

वस्तू खरी की खोटी हे तिच्या वजनावरून ठरतं. उपयोग वगैरे गोष्टी दुय्यम. आमच्या एअरसॉफ्ट मंडळाच्या घटनेतलं हे पहिलंच कलम आहे. सदस्य दर रविवारी एका बंद पडलेल्या गोदामात जमतात आणि हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रतिकृती-बंदुकांनी एकमेकांवर वाटाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात. (‘खेळण्यातली बंदूक’ असं म्हणणाऱ्याचं सदस्यत्व रद्द होतं. बायकांना या कलमातून सूट आहे, कारण त्या ऐकत नाहीत.)

बंदूक दुकानातून येते तेव्हा तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, प्लॅस्टिकचा असतो. तो हलका, टिकाऊ आणि आतून पोकळ असतो. त्या पोकळीत गोळ्या झाडणारी बॅटरी बसते. असल्या निर्लज्ज सोयीला मंडळात थारा नाही. सदस्य तो काढून टाकतो आणि अक्रोडाच्या लाकडाचा भरीव दस्ता बसवायला घेतो. बसत नाही म्हणून कानस मारतो, जास्त घासला गेला म्हणून पाचर ठोकतो. मग कोऱ्या लाकडाला इतिहास यावा म्हणून त्याला किल्ल्यांच्या जुडग्याने बडवतो, चहात भिजवतो, स्कूटरला बांधून फरफटत नेतो. मंडळाच्या पाहणीनुसार लाकडी दस्ता वापरणाऱ्या झाडून सगळ्यांचा खांदा दुखतो, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांचा अभिमानाने दुखतो.

प्रश्न राहतो तो बॅटरीचा. भरीव लाकडात ती मावत नाही. लाकूड पोखरावं तर वजन घटतं, आणि वजन घटलं की पहिलं कलम मोडतं. या पेचापुढे भलेभले गारद झाले. काही सदस्य आता बंदूक नुसती धरतात आणि तोंडाने आवाज काढतात.

वार्षिक स्पर्धेत दस्त्याच्या रंगाला दहा गुण, तेलाला वीस आणि घामाला सत्तर. घाम म्हणजे वर्षानुवर्षं माणसाच्या अंगाला घासून लाकडाला येते ती झिलई. ती कुठे विकत मिळत नाही. तिच्यासाठी आमचे कर्नल झुरत होते. (कर्नल विमा कंपनीत दावे नामंजूर करण्याचं काम करतात. हुद्दा मंडळाने दिलेला आहे.)

कर्नलचे वडील मात्र खरोखरच सैन्यात होते आणि एक पाय तिकडेच ठेवून आले होते. मंडळाने त्यांना एकदा तज्ज्ञ म्हणून बोलावलं. म्हातारा म्हणाला, “लाकडी दस्ता जाऊन प्लॅस्टिकचा आला ना, तेव्हा आख्ख्या बराकीने टाळ्या वाजवल्या. केवढं हलकं झालं हो!” ही साक्ष वैयक्तिक मत म्हणून बाद करण्यात आली.

कर्नलचं साक्षीकडे लक्षच नव्हतं. ते वडिलांच्या लाकडी पायाकडे बघत होते. वर रुंद, मांडीचा खुंट बसेल एवढा खोलगट, खाली निमुळता, तरीही चांगला जड, आणि अर्ध्या आयुष्याचा अस्सल घाम प्यालेला.

त्या पायावर वडील रोज सकाळी जिना उतरून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गप्पा मारायला जायचे. दिवसभरात त्यांचं म्हणून तेवढंच होतं. एका दुपारी ते झोपेतून उठून बघतात तो पाय बाल्कनीत करवतीखाली.

“अरे, आता मी खाली कसा उतरू?”

“बाबा, तुम्हीच म्हणालात ना, प्लॅस्टिक हलकं असतं?” कर्नल म्हणाले आणि बंदुकीचा काढून ठेवलेला दस्ता त्यांनी वडिलांपुढे सरकवला. “नवा पाय येईपर्यंत हा बांधून बघा.”

“अहो, जनाची नाही तर मनाची तरी!” सूनबाई ओरडल्या. (बायकांना सूट आहे, हे वर आलंच आहे.)

घामाचे सत्तरपैकी सत्तर गुण कर्नलना मिळाले. परीक्षकांनी आळीपाळीने दस्त्याला गाल लावून डोळे मिटले. एकाला तर भरून आलं. न्हाव्याचा निरोप येऊन गेला, “म्हातारबुवा दिसत नाहीत, बरे आहेत ना?” बरे आहेत. खिडकीशी बसवलं की बसतात. नवा पाय अजून आलेला नाही.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली. सगळे चुकचुकले, कर्नलना शिव्या घातल्या, आणि मग जरा थांबून प्रत्येकाने हळूच एकच गोष्ट विचारली. तुम्हीही मघापासून तीच मनात धरून बसला आहात, म्हणून सांगून टाकतो. हो, बॅटरी मावली.