पॅराडाइज इस्टेटमध्ये पाणी नाही

पदवी हातात पडली, लागोसच्या एका बँकेत नोकरी लागली, तेव्हा डोटुन अलाबीने रीतीप्रमाणे घर कुठल्या वस्तीत घ्यावं याचा विचार सुरू केला. विचार करायला माणसं पुष्कळ होती: आई, होणारे सासरे आणि एजंट. त्यात डोटुनचं मत कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

आईने मुशिनच्या बाजारात कापड विकून त्याला शिकवलं होतं. बसून बसून तिचे गुडघे गेले होते. "मला एक खोली पुरे, पण तुझ्यापाशी," एवढंच तिचं मागणं. तिने सुरुलेरेमध्ये घरही हेरून ठेवलं होतं. दारात विहीर, हाकेच्या अंतरावर चर्च.

"सुरुलेरे?" होणारे सासरे चीफ अडेलाकुन कडाडले. "म्हणजे मेनलँडवर? अरे पोरा, माझी मोरेनिके पूल ओलांडून तिकडे नांदणार? उद्या लोकांनी विचारलं, लेक कुठे दिली, तर काय सांगू? पत्ता बड्या लोकांच्या आयलंडचा असेल तर लग्न. नाहीतर राम राम!"

तेव्हा एजंट इकेनाने त्याला आयलंडवरच्या पॅराडाइज इस्टेटमध्ये नेलं. महिना जानेवारीचा. शहाणे एजंट घरं जानेवारीतच दाखवतात. वाळवंटाकडून धूळ येत असते आणि समुद्रसुद्धा कोरडा वाटतो. भिंतीवर सगळीकडे गुडघाभर उंचीवर एक तपकिरी रेघ होती.

"ही रेघ कसली?"

"नक्षी आहे साहेब. इटलीची."

डोटुनने शेजारच्या बंगल्यात डोकावून पाहिलं. तिथेही तीच नक्षी होती. एवढे मोठे लोक काय वेडे आहेत, असं मनाशी म्हणून त्याने सही ठोकली आणि आईला वरच्या खोलीत आणून ठेवलं.

जूनमध्ये दिवाणखान्यात पाणी शिरलं आणि बरोबर नक्षीपाशी येऊन थांबलं. डोटुन धावत रहिवासी संघाच्या अध्यक्षांकडे गेला. ओगुनलेये नावाचे हे निवृत्त सचिव खुर्ची टेबलावर ठेवून तीत बसले होते.

"पाणी?" ते दुखावल्या स्वरात म्हणाले. "नियम अकरा वाचा. इस्टेटमध्ये पाणी नाही. पाणी आहे म्हटलं की भाव पडतो."

"मग माझ्या घरात आहे ते काय?"

"जलसान्निध्य. नवीन आहात म्हणून यावेळी दंड नाही."

त्याच आठवड्यात चीफ घर बघायला आले. सोबत मोरेनिके, चार काका आणि स्वतः अध्यक्ष. सगळ्यांनी भरजरी अंगरखे मांडीपर्यंत उचलले होते, आणि ते का उचललेत याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. "वा! हवेशीर आहे," एक काका म्हणाले.

आता आली पंचाईत. योरुबा लोकांत जावयाने सासऱ्यापुढे पालथं पडायचं असतं, नाक जमिनीला टेकवून, आणि आशीर्वाद संपेपर्यंत उठायचं नसतं. डोटुनने एकदा खाली पाहिलं, एकदा मोरेनिकेकडे पाहिलं, आणि तो पडला. दिसेनासा झाला.

चीफ आशीर्वाद देऊ लागले. आधी मुलं दिली. मग नातवंडं. मग मोटारी. खालून बुडबुडे येत होते. काका प्रत्येक आशीर्वादाला "आमेन" म्हणत होते.

"अहो, पुरे करा तो आशीर्वाद!" जिन्यावरून आई ओरडली. "पोरगं बुडतंय माझं पाण्यात!"

"बाई, नियम अकरा," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"खड्ड्यात गेला तुमचा नियम!" म्हणत म्हातारी त्या गुडघ्यांनिशी पाण्यात उतरली आणि तिने लेकाला मानगूट धरून वर काढलं.

चीफनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "जावईबापू, तुमच्या आईला पाणी दिसतं?"

डोटुनने तोंडातलं पाणी गिळलं. "वय झालंय तिचं," तो म्हणाला. "तिला काहीही दिसतं."

आईने संध्याकाळी बोचकं डोक्यावर घेतलं. "पत्ता छान आहे हो तुझा," एवढंच म्हणाली. "जपून राहा त्यात."

लग्न थाटात झालं. आई आता मुशिनमध्ये भाड्याच्या खोलीत असते. खोली कोरडी आहे. डोटुन महिन्यातून एकदा जातो, गाडी लांब उभी करून.

तुम्ही त्याला नावं ठेवणार, माहीत आहे मला. खुशाल ठेवा. फक्त त्याआधी, तुमची आई हल्ली कुठे असते तेवढं सांगा.