मडमचा मुराळी

आमचे दौलतनाना रोज सकाळी फिरायला निघाले की गोऱ्यांच्या कबरस्तानाच्या भिंतीपाशी थांबतात, टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "राम राम, साहेब!" इथवर ठीक आहे. पण मग ते उत्तराची वाट बघत उभे राहतात, आणि बहुधा ते मिळतंही. कारण परतताना माझ्या फाटकाशी थांबून बातमी देतात, "साहेब आज नाराज शे, बेटा. कोनीतरी भिंतवर थुंकी गया."

देवपुरातली आमची कॉलनी आणि इंग्रजांच्या काळातलं ते कबरस्तान यांच्यामध्ये एवढी एकच भिंत. मी नशिराबादची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी घर दाखवलं, मागचं दार दाखवलं, आणि म्हणाल्या, "पलीकडे भुतं आहेत. काही अडलं तर शेजारच्या नानांना विचार." जणू भुतं म्हणजे सरकारी खातं आणि नाना त्यातले हेडक्लार्क!

नाना खरं तर एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बायको वारलेली, घरात एकटेच. जिवंत असो की मेलेला, माणूस त्यांच्या लेखी पॅसेंजर. भुतं कशी होतात याचं त्यांचं शास्त्र एका वाक्यात संपतं, "ज्यासनी गाडी चुकनी, त्याच भूत व्हतस." आता त्या गोऱ्यांची गाडी तर समुद्रापलीकडे जाणारी. ती चुकली म्हणजे चुकलीच. बिचारे बसलेत कडुनिंबाखाली.

नानांच्या भुतांना शिस्त फार. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई रोज उरलंसुरलं अन्न भिंतीवरून आत भिरकावायच्या. नाना त्यांच्या दारात जाऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेबले तुमनं भरीत आवडनं. पन ताजं धाडा. आज सांजले तो सोता येवाव शे." बाईंनी त्या दिवसापासून भिंतीकडे बघणं सोडलं. पुढे कॉलनीतल्या मंडळींनी कबरस्तानात गाड्या लावायला सुरुवात केली. नाना एवढंच म्हणाले, "साहेब घोडाशिवाय दुसरं काही आत येऊ देत नहीं." दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांची हवा गेलेली! ती साहेबांनी काढली की नानांनी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

या साहेबलोकांत नानांची लाडकी म्हणजे मडम. कडुनिंबाखालच्या एका कबरीत ती राहते, असं ते सांगतात. एकदा कॉलेजच्या पोरांनी विचारलं, "नाना, पांढऱ्या कपड्यात रस्त्यावर लिफ्ट मागते तीच का?" नाना असे भडकले की विचारू नका. "ज्या हात दाखाडतस त्या दुसरा गावना! मडम कोनले लिफ्ट मांगत नहीं. चांगला घरनी पोर शे ती."

तिचं दुःख वेगळंच आहे, आणि ते कळायला खान्देशातच जन्म घ्यायला हवा. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही सासुरवाशिणीची दिवाळी. आणि आखाजीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ येतो, भाऊ नसला तर बाप. मी एकटी बसने नशिराबादला सहज जाऊ शकते. हे मलाही माहीत आहे आणि माझ्या भावालाही. तरी तो दर वर्षी येतो आणि तो आल्याशिवाय मी पिशवीला हात लावत नाही. न बोलावता गेलं तर माहेरचा मान तो काय राहिला?

तर मडमला मुराळी आला नाही, म्हणून ती वाट बघत बसली आहे. ती रडू नये म्हणून नाना दर आखाजीला कबरस्तानातल्या कडुनिंबाला झोका बांधतात. दुसऱ्या गावांत बायका कबरस्तानावरून जाताना पदर डोक्यावर ओढून पाय उचलतात. आमच्याकडे तिथे जाऊन झोके घेतात आणि उतरताना "येते गं मडम" म्हणतात.

आम्ही सगळे हसायचो. पण हसता हसता एक गोष्ट मनात यायची आणि कुणी बोलायचं नाही. नानांची एकुलती एक लेक, सरला, सुरतेला असते. कॉलेजातल्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा गुणी आहे, फक्त जात वेगळी. नानांनी बोलणं टाकलं. नानी गेल्या तेव्हा ती पोरांना घेऊन आली, दहाव्यापर्यंत राहिली, पण बापलेकीत "चहा घ्या" आणि "ठेव तिथे" यापलीकडे शब्द झाला नाही. त्यानंतर कितीतरी आखाज्या आल्या आणि गेल्या. ज्या माणसाने नोकरीभर आखाजीच्या गर्दीत लोकांच्या लेकी माहेरी पोचवल्या, त्याच्या घराला मात्र त्या दिवशी कडी असायची. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू!

यंदाही आखाजीच्या आधी नानांनी दोर काढला. ते शिडीवर चढले, मी खाली शिडी धरून. हाताला उद्योग हवा म्हणून मी पदराने कबरीवरची माती पुसली. दगडावरची इंग्रजी अक्षरं झिजलेली, पण उन्हात वाचता आली. वाचून मला हसू आवरेना.

"नाना, ही तुमची मडम नाही हो. बाप्या आहे! घोड्यांचा डॉक्टर होता."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. नाना भुतांच्या बाबतीत कधी ओशाळत नाहीत.

"मंग तो तिना बाप व्हई," ते म्हणाले. "ती बाजूले शे."

"म्हणजे माहेर शेजारीच की! मग रडते कशाला?"

"दोन्ही बोलतस नहीं."

"का?"

नाना दोराला गाठ मारत होते. त्याच नादात बोलून गेले, "बाप म्हनस, पोर येई. पोर म्हनस, मुराळी येई."

आणि हात थांबले. मी मनात होतं तेच बोलले.

"नाना, ते दोघं मेलेत. त्यांना आता काही करता येत नाही."

नाना खाली उतरले. झोका तसाच अर्धवट लोंबत राहिला. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. "मनाकडे धाडाले पोऱ्या नहीं, बेटा," ते म्हणाले. एवढी वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलं असणार.

"पोरगा नसला तर बाप जातो," मी म्हटलं. "हे मी तुम्हाला सांगायचं का?"

नाना घरी गेले आणि दार लावून घेतलं. आपण फार बोललो, असं वाटून मला दिवसभर चैन पडेना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं नसता कारभार करायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फाटकाशी आले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, पिशवीतून सांजोऱ्यांचा वास. कुणाकडून करून आणल्या देव जाणे. माझ्या हातात घराची किल्ली ठेवून म्हणाले, "सुरत जाई ऱ्हायनू."

"पत्ता आहे का?"

"पहिलापासून पाठ शे," ते म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले. भिंतीपाशी थांबायचंही विसरले.

संध्याकाळी फोन वाजला. नाव नानांचं, आवाज सरलाचा.

"वहिनी, बाबा आलेत. दारातच उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. नुसतं म्हणतात, 'मी मुराळी शे.' आमचे हे पाणी घेऊन उभे आहेत. मी काय करू, वहिनी?"

एवढं बोलून ती रडायला लागली. मागून नानांचा आवाज आला, चांगला ड्रायव्हरी आवाज, फक्त मधेच जरा फाटलेला, "मंग रडजो! पहिले पोरासना कपडा भर!"

मीही रडले. मग डोळे पुसून नानांचं घर उघडलं, झाडून घेतलं आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडायला बसले. नवरा मला शोधत आला आणि परात बघून म्हणाला, "अगं, नाना एकटे. एवढी डाळ कुणासाठी?"

मी म्हटलं, "लेक येतेय."