कव्हरावरचा गडी

शंकरआण्णांनी मला कधी ‘कसं काय, सर?’ असं विचारल्याचं आठवत नाही. गेटाला सायकल टेकवायचे, पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढायचे आणि कव्हरावर बोट ठेवून खेकसायचे, “ह्यो गडी घरला गेला का न्हाई, तेवढं बगा की!”

पुस्तकं रद्दीतली, परदेशी, विज्ञानकथांची. पानं पिवळी, पण कव्हरं झकास. हिरवं आभाळ, दोन-दोन चंद्र, एखादं बंद पडलेलं रॉकेट आणि कोपऱ्यात नखाएवढा पाठमोरा माणूस. आण्णांना फक्त तो माणूस दिसायचा. ते कसबा बावड्याचे पेंटर. दुकानांच्या इंग्रजी पाट्या अशा रंगवायचे की दृष्ट लागावी, पण त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. वाचायला मी होतो. कॉलेजात इंग्रजी शिकवतो, एवढाच माझा गुन्हा.

मी शेवटची पानं चाळून निकाल द्यायचो. गडी घरी पोचला असेल तर आण्णा मला ओढत नेऊन चहा पाजायचे. तिकडंच मेला असेल तर चहा नाही, वर माझ्याकडं असं बघायचे की जणू मीच त्याला मारलाय.

कव्हरांवरची चित्रं काढणाऱ्यांवर तर त्यांचा भलताच राग. “रॉकेट काढलंय, शिडी कुठाय? चढायचं कसं गड्यानं?” एकदा मी अख्खं पुस्तक वाचलं आणि सांगितलं, “आण्णा, हा माणूस गोष्टीत नाहीच. चित्रकारानं आपल्या मनानं काढलाय.” आण्णा गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, “काढला आनि सोडला व्हय तितंच? बाप हाय का कोन!”

आणि पुस्तक तिथंच टाकून सायकलवर बसले. का, ते गल्लीला ठाऊक होतं. त्यांचा थोरला, संजू, नव्वदच्या सुमारास भांडून घरातून गेला होता. ब्रश धरणार नाही म्हणाला, आणि आण्णांनीच रागाच्या भरात ‘जा’ म्हटलं. तो गेला तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही.

तप उलटलं तसे पाहुणे मागे लागले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. पेठ वडगावचा मेहुणा येऊन ठाण मांडून बसला. “दाजी, पोरीचं लगीन जमंना. लोक इचारत्यात, थोरला हाय का गेला? एकदाचं करून मोकळं व्हा.” आण्णा महिनाभर ‘न्हाई’ म्हणत राहिले. शेवटी पोरीच्या तोंडाकडं बघून उठले.

पंचगंगेच्या घाटावर मीही गेलो होतो. भटजींनी पुतळा बांधला. आण्णांनी मान तिरकी करून तो न्याहाळला, पाटी सरळ लागली का बघतात तसा. “पाय आखूड झालं, भटजी. उंच हुता त्यो.” मागं कुणीतरी फिसकन हसलं. भटजींनी मुकाट्यानं दर्भ वाढवला, आणि आण्णांनी अग्नी दिला. माझ्याच्यानं तिकडं बघवेना.

पुढं बरेच दिवस ते फिरकले नाहीत. आले ते पुस्तक घेऊनच. लाल वाळू, लांब रॉकेट आणि कोपऱ्यात तसाच पाठमोरा गडी. पण या वेळी तो एकटा नव्हता. त्याला खेटून आणखी एक जण उभा होता. बुटका, पोक आलेला, हातात रंगाचा डबा. मी सवयीनं शेवटचं पान उघडायला गेलो, तर अंगठ्याला ओला रंग लागला.

आण्णांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

“बगू नगा, सर. ह्यो काय आता यायचा न्हाई. मीच गेलोय त्येच्याकडं.”