सरकारलाही न उघडणारं कुलूप

आमच्या मुलीला मुलगी झाली. नात बघायला विमानाने जायचं ठरलं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो माझ्या एका बारीकशा निर्णयाने. हातातल्या बॅगेला मी आपल्या दुकानातलं कुलूप लावलं.

माझं कुलपांचं दुकान आहे. (शाळेशी माझं जमलं नाही, कुलपांशी जमलं.) हल्ली प्रवासी बॅगांसाठी अशी कुलपं निघाली आहेत की एक किल्ली गिऱ्हाइकाकडे आणि दुसरी तपासणीवाल्यांकडे. आधी यांनी बूट काढायला लावले, मग पट्टा, मग डोळ्यांचा फोटो घेतला, आता किल्लीही पाहिजे. असला माल मी ठेवत नाही. ज्याची किल्ली सरकारकडे, त्याला कुलूप कसं म्हणायचं?

“अहो, बॅगेला चेन आहे, तेवढी पुरे,” आमची ही म्हणाली. “आत बाळाच्या कपड्यांशिवाय काही नाही.”

“प्रश्न कपड्यांचा नाही, तत्त्वाचा आहे.”

(मी तत्त्व काढलं की ही स्वयंपाकघरात निघून जाते. तशी गेली.)

विमानतळावर तपासणीला एक तरुण मुलगी होती. अगदी नम्र.

“काका, बॅग उघडा.”

“का बरं?”

“नवीन नियम आहे.”

“काल नव्हता?”

“म्हणूनच नवीन, काका.”

मग मी बोललो. माणसाची बॅग म्हणजे त्याचं घर, संशय असेल तर तोंडावर सांगा, नसेल तर घरात शिरू नका, आज बॅग उघडाल, उद्या डोकं उघडाल. चांगलं बोललो. फक्त पट्टा ट्रेमध्ये गेलेला असल्यामुळे स्वातंत्र्यावरचं ते सगळं भाषण मला एका हाताने पॅन्ट धरून करावं लागलं. रांगेतल्या एकाने टाळी वाजवली. त्याच्या मागचा म्हणाला, “आजोबा, आवरा.”

तेवढ्यात आमच्या विमानाची शेवटची सूचना झाली. हिचा चेहरा उतरला.

“तत्त्व परतीच्या प्रवासात काढा. मला नात बघायचीय. किल्ली द्या.”

मी खिसे चाचपले. शर्टाचा, पॅन्टचे, पुन्हा शर्टाचा. किल्ली दुकानात गल्ल्यावरच्या खिळ्याला अडकवली होती. (हरवू नये म्हणून.)

कटर घेऊन एक दांडगा माणूस आला. त्याने जोर लावला, कटर सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. विमान सुटायला आलं होतं आणि माझी छाती अभिमानाने फुगत होती.

“बघा,” मी त्याला म्हणालो, “आपल्याकडे हाच माल मिळतो.”

हिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ट्रेमधली आपली चप्पल उचलली, कुलूप उलटं धरलं, आणि चपलेच्या टाचेने कुलपाच्या खांद्यावर दोन टोले हाणले. टक् करून कुलूप उघडलं.

“हे तू कुठे शिकलीस?”

“घरी कपाटाला हेच आहे ना. डॉक्टरांनी बंद केल्यापासून तुम्ही त्यात बिस्किटं दडवता. मी दर आठवड्याला बघते किती उरलीत.”

“मला न विचारता?”

“विचारतं ते सरकार.”

त्या मुलीने बाळाचे कपडे वरखाली केले, पुन्हा नीट घडी घालून ठेवले आणि आम्हाला जायला सांगितलं. आम्ही वळलो तेवढ्यात ती म्हणाली, “काकू, ही चप्पल मात्र आत नेता येणार नाही. कुलूप फोडायची हत्यारं नियमात बसत नाहीत.”

“आणि कुलूप?” मी विचारलं. निदान तेवढा मान तरी राहावा.

तिने कुलूप माझ्या हातात ठेवलं. “ते न्या की, काका. त्याने कुणाला काय होणार?”

विमान मिळालं. ही माझे बूट घालून पुढे धावत चढली. मागून मी, पायात नुसते मोजे, एका हातात कुलूप आणि दुसऱ्या हातात पॅन्ट. पट्टा ट्रेमध्येच राहिला होता.